पावती मुलाची, सवलत कुणाची?

जानेवारी उजाडला की नोकरदार घरांमध्ये एक शोधमोहीम सुरू होते. ऑफिसमधून 'प्रूफं' मागितलेली असतात आणि आई किंवा बाबा विचारतात, "अरे, तुझ्या कॉलेजच्या फीची पावती कुठंय?" मग तुम्ही मोबाइलमधल्या हजारभर फोटोंतून ती पावती शोधून काढता, व्हॉट्सॲपवर ढकलता आणि विसरून जाता.

त्या पावतीचं पुढे काय होतं, याचा कधी विचार केलाय? आयकराच्या जुन्या प्रणालीत ८०-सी नावाचं एक प्रसिद्ध कलम आहे. मुलांची ट्यूशन फी त्यात बसते. म्हणजे तेवढी रक्कम आईबाबांच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते. पण या कलमाची अवस्था सकाळच्या विरार लोकलसारखी आहे. पीएफ, पीपीएफ, विम्याचा हप्ता, घराच्या कर्जाची मुद्दल, सगळे एकाच डब्यात, आणि डब्याची क्षमता एकूण दीड लाख रुपये. तुमची फी दारात लटकून प्रवास करते. शिवाय त्यात चालते ती फक्त ट्यूशन फी. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, बस, डोनेशन यांना प्रवेश नाही. कोर्स पूर्णवेळ हवा, कॉलेज भारतातलं हवं आणि मुलं दोनच.

यंदा तुमच्याकडे कुणी पावती मागितलीच नसेल, तर बहुधा तुमचं घर नव्या करप्रणालीत गेलंय. तिथे दर कमी आहेत, पण तुमची फी हिशेबात येतच नाही. घरात मूल नसो, एक असो नाहीतर चार असोत, कराचा आकडा तोच.

हे बरोबर की चूक? यावर जगातल्या वेगवेगळ्या देशांनी इतकी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत, आणि त्यांवरून इतकी भांडणं केली आहेत, की 'टॅक्स' हा विषय कंटाळवाणा आहे असं म्हणणाऱ्याने ती एकदा वाचावीत. प्रश्न वरवर साधा आहे. दोन घरांचं उत्पन्न सारखं, पण एका घरात दोन मुलं आहेत आणि दुसऱ्या घरात एकही नाही. दोघांनी सारखाच कर भरायचा का? 'नाही' असं म्हणालात, तर पुढचे दोन प्रश्न जास्त अवघड आहेत. सवलत कशी द्यायची? आणि ती घरातल्या कुणाच्या हातात द्यायची?

भागिले मुलं

सुरुवात फ्रान्सपासून करू, कारण त्यांचा नियम शाळेतल्या भागाकारासारखा आहे. १९४५च्या अखेरीस, दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं असताना, फ्रान्सने कायदा केला की कर माणसावर लावायचा नाही, कुटुंबावर लावायचा. कुटुंबाचं सगळं उत्पन्न एकत्र करायचं आणि त्याचे 'भाग' पाडायचे. नवरा-बायकोचे दोन भाग, पहिल्या दोन मुलांचा प्रत्येकी अर्धा, आणि आजच्या नियमाने तिसऱ्यापासून पुढे प्रत्येकाचा एक पूर्ण. एका भागावर कर काढायचा आणि भागांच्या संख्येने गुणायचा. देशाला मुलं हवी होती आणि कायद्याने ती लाजत-मुरकत मागितली नव्हती. लग्नाला तीन वर्षं होऊनही मूल झालं नाही, तर सुरुवातीच्या कायद्यात जोडप्याचा अर्धा भाग चक्क कापला जायचा! ती तरतूद काही वर्षांत गेली, भागाकार मात्र आजही चालू आहे.

युरोतले आकडे देऊन तुम्हाला पिडत नाही. आपण फ्रान्सचा नियम आपल्याकडच्या नव्या प्रणालीच्या टप्प्यांना लावून बघू. २०२५-२६चे टप्पे असे आहेत: पहिल्या ४ लाखांवर शून्य, पुढच्या प्रत्येक ४ लाखांवर ५, १०, १५, २०, २५ टक्के आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के. सेस, स्टँडर्ड डिडक्शन आणि १२ लाखांपर्यंतचा रिबेट घटकाभर बाजूला ठेवू.

समजा, एका घरात एकटे बाबा २४ लाख कमावतात. आपल्या नियमाने कर होतो ३ लाख. फ्रेंच नियमाने, मूल नसेल तर दोन भाग, प्रत्येकी १२ लाख. १२ लाखांवर कर ६० हजार, गुणिले दोन म्हणजे १ लाख २० हजार. दोन मुलं असतील तर तीन भाग, प्रत्येकी ८ लाख. ८ लाखांवर २० हजार, गुणिले तीन म्हणजे ६० हजार. म्हणजे दोन मुलांमुळे वाचले ६० हजार. तिसरं मूल झालं की भाग चार आणि कर ४० हजार.

भारी वाटतं ना? आता हाच हिशेब दुसऱ्या दोन घरांना लावा. उत्पन्न ४८ लाख असेल, तर मूल नसलेल्या जोडप्याचा कर ६ लाख, दोन मुलंवाल्यांचा ३ लाख ६० हजार. इथे दोन मुलांमुळे वाचले तब्बल २ लाख ४० हजार. आणि उत्पन्न ८ लाख असेल तर? दोन भाग केले की प्रत्येकी ४ लाख, कर शून्य. मुलं आली तरी शून्यच. वाचले किती? काही नाही.

एकाच नियमाखाली मूल एका घरात २ लाख ४० हजारांची बचत आणतं, दुसऱ्यात ६० हजारांची आणि तिसऱ्यात छदामही नाही. दूध-वह्या-डॉक्टर यांचा खर्च तर तिसऱ्या घरालाच सर्वांत जास्त टोचतो. करातून दिलेल्या सवलतीची ही मूळ खोड आहे. जो जास्त कर भरतो, त्यालाच ती जास्त मिळते आणि जो भरतच नाही, त्याला ती दिसतसुद्धा नाही. फ्रेंचांच्याही हे लक्षात आलं. समाजवादी फ्रान्स्वा मित्तेराँ १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि लगेचच अर्ध्या भागामागे किती कर वाचू शकतो, यावर कमाल मर्यादा घातली गेली. २०२४च्या उत्पन्नासाठी ती १,७९१ युरो होती. त्यावरून आजही तिथे डावे-उजवे भांडतात.

या भागाकाराची आणखी एक बाजू आहे आणि ती वर्गातल्या मुलींनी जरा नीट वाचावी. उत्पन्न एकत्र मोजलं की नवऱ्याच्या पगाराने आधीच खालचे टप्पे भरलेले असतात. बायकोने नोकरी धरली, की तिच्या पहिल्या रुपयावर थेट वरच्या दराने कर सुरू होतो. मग घरात चर्चा सुरू होते, 'एवढं करून हातात उरणार किती? त्यापेक्षा घरीच राहा.' जर्मनीत १९५८पासून नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र करून निम्मं निम्मं धरायची पद्धत आहे आणि तिच्यावर नेमकी हीच टीका होते. आपल्याकडे उलटं आहे. कर माणसावर, कुटुंबावर नाही. एकट्याने २४ लाख कमावले तर वरच्या हिशेबाने ३ लाख कर. तेच दोघांनी १२-१२ लाख कमावले, तर रिबेट धरून दोघांचाही कर शून्य! घरी राहून दोन मुलं सांभाळणाऱ्या आईला हे अन्यायाचं वाटू शकतं आणि नोकरी करणाऱ्या आईला न्यायाचं. दोघींचंही काही अगदीच चूक नाही.

पाकिटातून पर्समध्ये

कुणाच्या हातात द्यायचं, या प्रश्नावरची सगळ्यात रंगलेली लढाई ब्रिटनमध्ये झाली.

आधुनिक आयकर जन्मला तो तिथेच, १७९९ मध्ये, नेपोलियनच्या काळातल्या युद्धांचा खर्च भागवायला. गंमत म्हणजे त्या पहिल्या करातही लेकुरवाळ्या माणसांना सूट होती. ती काही वर्षांत काढून टाकली गेली आणि शंभरएक वर्षांनी, १९०९ मध्ये, अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी परत आणली. वर्षाला ५०० पौंडांहून कमी कमावणाऱ्यांना सोळा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे १० पौंडांची सूट. पण तेव्हा आयकर भरणारा वर्ग मुळातच छोटा होता. गिरणीत, खाणीत काम करणारे त्यात नव्हतेच. आणि सवलत मिळायची ती बापाच्या हिशेबात. आईला तिचा पत्ताही नसायचा.

एलेनॉर रॅथबोन या बाई हेच बोलत राहिल्या. १९२४ मध्ये त्यांनी 'द डिसइनहेरिटेड फॅमिली' हे पुस्तक लिहिलं आणि मांडलं की मुलं वाढवणं हे देशासाठी केलेलं काम आहे, त्याचे पैसे सरकारने थेट आईला द्यावेत. पुढे त्या खासदार झाल्या. भारतातल्या बालविवाहांविरुद्धही त्यांनी पुस्तक लिहिलं होतं, त्यामुळे आपल्याकडच्या काही जुन्या अभ्यासकांना हे नाव ओळखीचं असेल. वीसेक वर्षांच्या खटपटीनंतर १९४५ मध्ये सरकारने एकदाचं विधेयक आणलं, दुसऱ्या मुलापासून आठवड्याला ५ शिलिंगांचं. पण त्यात पैसे कुणाला द्यायचे होते? वडिलांना! रॅथबोनबाईंनी सांगून टाकलं की असं असेल तर ज्या विधेयकासाठी आयुष्य घालवलं, त्याच्याच विरोधात मी मत देईन. शेवटी 'वडिलांना'च्या जागी 'आईला' आलं. पहिले पैसे वाटले गेले ऑगस्ट १९४६ मध्ये. ते बघायला त्या नव्हत्या. त्याच वर्षी जानेवारीत त्यांचं निधन झालं होतं.

म्हणजे आता ब्रिटनमध्ये दोन गोष्टी शेजारी शेजारी चालल्या होत्या. वडिलांच्या करात मुलांमागे सूट आणि आईच्या हातात भत्ता. १९७५ मध्ये कायदा झाला की दोन्ही एकत्र करायच्या. वडिलांची करसूट बंद, त्याऐवजी पहिल्या मुलापासून प्रत्येक मुलामागे ठरावीक रक्कम, थेट आईला. नाव 'चाइल्ड बेनिफिट'. घर एकच, पैसेही साधारण तेवढेच, नुसती जागा बदलणार होती. तिथे या वादाला नावच पडलं, 'पाकिटातून पर्समध्ये'.

आणि इथे माशी शिंकली. करसूट गेली की पुरुषांच्या हातात पडणारा पगार कमी दिसणार होता. कामगार संघटना बिथरतील, असं मंत्र्यांना वाटलं. १९७६ मध्ये मंत्रिमंडळाने गुपचूप योजना पुढे ढकलली. पण मंत्रिमंडळातली चर्चा जशीच्या तशी 'न्यू सोसायटी' नावाच्या साप्ताहिकात छापून आली! लेख लिहिला होता गरीब मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या तरुण संचालकाने, फ्रँक फील्डने. सरकारने चौकशी लावली, पोलिस आणले. कागद कुणी फोडले ते काही सापडलं नाही. तिकडे बोभाटा झाल्यावर सरकारला माघार घ्यावी लागली आणि १९७७ ते १९७९ या काळात योजना टप्प्याटप्प्याने लागू झाली. कागद देणारा होता माल्कम विक्स, सरकारी खात्यातला एक तरुण कर्मचारी, जो नंतर स्वतः खासदार आणि मंत्री झाला. त्याच्या मृत्यूनंतर २०१४ मध्ये आलेल्या आत्मकथनातून हे जगाला कळलं. यावर कुणी वेब सिरीज का नाही काढली, मला खरंच कळत नाही.

तुम्ही म्हणाल, नवऱ्याकडून बायकोकडे गेले, घरातच राहिले ना, फरक काय पडला? हाच प्रश्न शेली लुंडबर्ग, रॉबर्ट पोलाक आणि टेरेन्स वेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी विचारला. त्यांनी ब्रिटिश कुटुंबांच्या खर्चाची आकडेवारी तपासली आणि १९९७ मध्ये निष्कर्ष मांडला. पैसे आईकडे जायला लागल्यावर पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला होता. हे वाचून तुमच्या आईला काडीचंही आश्चर्य वाटणार नाही.

ब्रिटनचा चाइल्ड बेनिफिट आजही चालू आहे. फक्त २०१३पासून त्यात एक विचित्र पाचर मारलेली आहे. कमाई ठरावीक मर्यादेच्या वर गेली की तो करातून परत घेतात. ही मर्यादा आता ६० हजार पौंड आहे आणि ८० हजारांवर सगळाच भत्ता परत जातो. पण मोजतात ती घराची कमाई नाही, आईबाबांपैकी जो जास्त कमावतो त्याची. दोघांनी ५९-५९ हजार कमावले, म्हणजे घरात १ लाख १८ हजार आले, तरी भत्ता शाबूत. एकट्या आईने ८० हजार कमावले की संपला. ज्या देशाला कर लावायचा सव्वादोनशे वर्षांचा अनुभव आहे, त्याने हे करावं!

गायब झालेली सत्तर लाख मुलं

अमेरिकेत करसवलतीसाठी घरातली अवलंबून असलेली माणसं रिटर्नमध्ये दाखवायची पद्धत जुनी आहे. १९८६च्या कर सुधारणेत एक छोटीशी अट आली. पाच वर्षांवरच्या प्रत्येक मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर लिहायचा. पुढच्या रिटर्नमधून अमेरिकेतली सुमारे ७० लाख मुलं एका फटक्यात नाहीशी झाली. काही मुलं घटस्फोटित आईबापांनी दोन्हीकडे दाखवलेली होती, काही जन्मालाच आलेली नव्हती आणि काही, असं म्हणतात, भू भू करणारी होती.

पण अमेरिकेची खरी गोष्ट २०२१ची आहे. तिथे १९९७च्या कायद्याने 'चाइल्ड टॅक्स क्रेडिट' आलं, म्हणजे मुलामागे ठरावीक रक्कम थेट कराच्या आकड्यातून वजा. उत्पन्नातून वजा होण्यापेक्षा हे बरं, कारण श्रीमंताला आणि मध्यमवर्गीयाला सारखंच मिळतं. पण ज्याचा कर मुळात थोडाच आहे, त्याचं काय? त्याला काही भाग रोख मिळायचा, पूर्ण नाही. म्हणजे सर्वांत गरीब घरं पुन्हा रांगेत मागेच.

कोविडच्या काळात, २०२१ या एका वर्षापुरता, हा नियम बदलला. रक्कम वाढवून सहा वर्षांखालच्या मुलामागे ३,६०० डॉलर आणि मोठ्यांमागे ३,००० डॉलर केली. कर शून्य असला तरी पूर्ण द्यायची ठरलं. आणि त्यातली निम्मी रक्कम जुलै ते डिसेंबर दर महिन्याला खात्यात टाकली. बालदारिद्र्य मोजण्याचं तिथल्या जनगणना विभागाचं एक माप आहे, ज्यात सरकारी मदतही धरतात. त्यानुसार २०२० मध्ये ९.७ टक्के मुलं गरीब होती. २०२१ मध्ये ती ५.२ टक्क्यांवर आली. त्या वर्षी इतरही मदत वाटली जात होती, पण यातला मोठा वाटा या बदलाचा होता. वर्ष संपलं, योजना संपली. २०२२चा आकडा आला १२.४ टक्के.

आता क्रेडिट २,२०० डॉलर झालंय, पण पूर्ण रोख मिळण्याची सोय गेली ती गेलीच. एका फॉर्मवरच्या एका ओळीने लाखो मुलं दारिद्र्यरेषेच्या वर येतात आणि ती ओळ पुसली की खाली जातात. कर हा विषय फक्त सीए होणाऱ्यांचा नाही, तो यामुळे.

शेजारच्या कॅनडाने २०१६ मध्ये वेगळा रस्ता धरला. तिथे मुलांसाठी दरमहा करमुक्त पैसे मिळतात. जितकं उत्पन्न कमी तितके जास्त आणि वाटणारं खातं कोणतं, तर आयकर खातं. मुलं असतील तर कमाई शून्य असली तरी रिटर्न भरायचं, कारण रिटर्न ही पैसे मिळवायची खिडकी आहे. तुमची ताई किंवा मामा टोरांटोकडे असतील तर विचारून बघा. आणि घरात आई असेल तर मुलांची मुख्य जबाबदारी तिचीच असं गृहीत धरून पैसे साधारणपणे तिच्या नावे येतात. रॅथबोनबाईंची आठवण येते ती इथे.

जर्मनीतही आयकर खातं मुलांसाठीचे पैसे आणि करसूट यांची सांगड घालतं. महिन्याचा भत्ता, 'किंडरगेल्ड', २०२५ मध्ये मुलामागे २५५ युरो होता. वर्षअखेर खातं स्वतःहून बघतं की या कुटुंबाला भत्ता फायद्याचा की सूट, आणि जे जास्त असेल ते देतं. अर्ज नको, पावत्या नकोत, सीए नको. मूल शिकत असेल तर हे पंचविसाव्या वर्षापर्यंत चालतं. (तुम्ही एमएस करायला म्युनिकला गेलात, तर सांगलीत राहणाऱ्या तुमच्या आईबाबांना हे मिळणार नाही. मी आधीच सांगून टाकतो.) स्वीडनने तर १९४८ मध्येच करातल्या मुलांच्या सवलती गुंडाळून सगळ्या मुलांना सरसकट सारखा भत्ता सुरू केला आणि विषय संपवला.

तुमची पार्ट टाइम नोकरी, बाबांचा टॅक्स

आत्तापर्यंतच्या गोष्टींत मूल म्हणजे बाळ. पण जपानमधली गोष्ट थेट तुमच्या वयाची आहे.

तिथे १९ ते २२ वर्षांचं मूल घरी अवलंबून असेल, तर पालकांच्या उत्पन्नातून ६ लाख ३० हजार येन वजा व्हायचे. कॉलेजचा खर्च मोठा असतो म्हणून ही खास मोठी सूट. अट एकच होती. त्या मुलाने वर्षात १० लाख ३० हजार येनपेक्षा जास्त कमवायचं नाही. एक येन जरी जास्त झाला, की बाबांची अख्खी सूट गायब. त्यामुळे दुकानांत, हॉटेलांत काम करणारी पोरं नोव्हेंबर-डिसेंबर आला की हिशेब मांडून शिफ्ट कमी करायची. नेमकी वर्षअखेरीची गर्दी, मालकाला माणसं हवीत आणि पोरगा म्हणतोय, 'सॉरी, बाबांचा टॅक्स वाढेल.' या मर्यादेला तिथे 'भिंत' म्हणायचे.

किमान वेतन वाढत गेलं, भिंत तिथेच राहिली. २०२४च्या निवडणुकीत युइचिरो तामाकी यांच्या पक्षाने 'हातात पडणारा पगार वाढवू' म्हणत ही भिंत पाडायचा मुद्दा घेतला आणि ७ जागांवरून थेट २८वर गेला. २०२५पासून नियम बदलला. आता शिकणाऱ्या वयाच्या मुलाने १५ लाख येनपर्यंत कमावलं तरी पालकांची सूट पूर्ण राहते आणि त्यापुढे ती हळूहळू उतरते, धाडकन पडत नाही.

हे सगळं सरकारं करतात ते नुसत्या मायेपोटी नाही. बहुतेकांना मुलं हवी आहेत. हंगेरीने त्यात कमाल केली. २०२०पासून चार मुलांच्या आईला आयुष्यभर आयकर माफ, ऑक्टोबर २०२५पासून तीन मुलांच्या आईलाही. पंचविशीच्या आतल्या तरुणांना सरासरी पगारापर्यंत आयकर नाही, ते वेगळंच. तिथला प्रजनन दर २०११ मध्ये दर स्त्रीमागे १.२ होता, तो २०२१पर्यंत १.६च्या आसपास गेला खरा, पण २०२४ मध्ये पुन्हा १.४च्या खाली उतरला. सिंगापूरने सत्तरच्या दशकात 'दोनवर थांबा' म्हणून जास्त मुलांच्या करसवलती काढल्या आणि १९८७ मध्ये उलटी टांग मारून तिसऱ्या मुलासाठी २० हजार डॉलरची करमाफी देऊ केली. तिथलीही जन्मसंख्या काही ऐकली नाही. टॅक्स वाचतो म्हणून मूल होऊ द्यावं, असं रात्री दोन वाजता रडणारं बाळ घेऊन फेऱ्या मारणाऱ्या कुणाला वाटेल, असं मला तरी वाटत नाही.

आणि आपण?

आपल्याकडेही एकेकाळी कुटुंब आयकरात होतं. १९५५च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी (हो, संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर राजीनामा देणारे तेच) विवाहितांची करमुक्त मर्यादा १,५०० रुपयांवरून २,००० केली आणि अविवाहितांची १,००० वर आणली. त्यानंतर थोड्याच वर्षांत मूल नसलेल्या जोडप्याला ३,०००, एक मूल असेल तर ३,३०० आणि दोन असतील तर ३,६०० रुपये अशी चढती मर्यादा आली. तिसऱ्या मुलाला काही नाही. पुढे ही वर्गवारी गेली, पण 'दोनच' राहिलं. ट्यूशन फी दोन मुलांची, सुकन्या समृद्धी खाती दोन मुलींची, पगारातला शिक्षण भत्ता दोन मुलांचा. या शिक्षण भत्त्यावरची करसूट तर कित्येक दशकं मुलामागे महिन्याला १०० रुपयांवर अडकून राहिली. १०० रुपयांत आज लायब्ररीचा लेट फाइनही निघत नाही.

मग आपलं सरकार मुलांसाठी काहीच देत नाही का? देतं, पण आयकराच्या दुसऱ्या टोकाला. शिधापत्रिका पिवळी किंवा केशरी असेल तर लेक लाडकी योजनेत मुलीला जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांत ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची फी माफ. आणि लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये, ते तर थेट बाईच्या खात्यात. म्हणजे पाकीट-पर्सचा प्रश्न आपण न भांडताच सोडवला, असं म्हणायला हरकत नाही. पण त्या योजनेच्या अटी वाचा. घरात कुणी आयकर भरत असेल तर लाभ नाही. कॅनडात आयकर रिटर्न हा मदतीचा दरवाजा आहे, आपल्याकडे आयकर हा बाहेरचा रस्ता.

आणि या दोन्हींच्या मधे एक मोठा घोळका उभा आहे. बाबांचा पगार कराच्या जाळ्यात जेमतेम येतो, म्हणून योजना नाही. घर नव्या प्रणालीत आहे, म्हणून फीची सवलत नाही. फी मात्र दरवर्षी वाढते. तुमच्या वर्गात आजूबाजूला बघा, अशी बरीच घरं सापडतील.

एक सवलत मात्र थोडी वेगळी आहे. शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाचं व्याज. जुन्या प्रणालीत ८०-ई कलमाखाली ते पूर्ण वजा होतं, दीड लाखांची मर्यादा नाही, ८०-सीच्या गर्दीत शिरायचं नाही आणि फेड सुरू झाल्यापासून आठ वर्षं मिळतं. पण ते मिळतं कर्ज ज्याच्या नावावर आहे आणि जो व्याज भरतो, त्यालाच. कर्ज बँकेचं किंवा मान्यताप्राप्त वित्तसंस्थेचं हवं, काकांकडून घेतलेले पैसे धरत नाहीत. फक्त व्याज वजा होतं, मुद्दल नाही. आणि नवी प्रणाली निवडलीत तर तेही नाही. त्यामुळे पहिल्या नोकरीत एचआर विचारेल, 'ओल्ड की न्यू?' तेव्हा शेजारच्या डेस्कवाल्याने जे लिहिलंय ते लिहू नका. बँकेकडून त्या वर्षीच्या व्याजाचं सर्टिफिकेट मागवा, दोन्ही बाजूंनी आकडा काढा आणि मगच टिक करा.